सातवा सोबती



मायबाप श्रोतेहो, आजच्या निरूपणाचा विषय ऐकून एखाद्याला वाटेल, बुवांना दुसरं काही सापडलं नाही का? संतांची चरित्रं सोडून, नामाचा महिमा सोडून हे कुत्र्याचं काय काढलं? वाटणं साहजिक आहे. कुत्रं जवळ आलं की आपल्या तोंडात पहिला शब्द येतो तो "हाड!" नाम नंतर येतं.

पण माऊली, ज्या महाभारताला आपण पाचवा वेद म्हणतो ना, त्याच्या उंबरठ्यावर एक कुत्रं बसलेलं आहे आणि परसदारी दुसरं. आदिपर्वाच्या आरंभाला एक कुत्रं मार खाऊन, रडत रडत आईकडे जातं. आणि ग्रंथ संपत आला असताना, महाप्रास्थानिक पर्वात, एक कुत्रं धर्मराजाच्या मागोमाग हिमालय चढतं. मधे केवढा पसारा! द्यूत, वनवास, अठरा अक्षौहिणी सैन्य, गीता. आणि दोन्ही टोकांना कोण? तर कुत्रं. व्यासांसारखा महाकवी हे उगीच करील का? या दोन कुत्र्यांच्या मधे आपल्यासाठी काय ठेवलंय, ते आज पाहायचं आहे.

आधी हे नातं किती जुनं आहे ते बघा. गाय आपली माता, बैल आपला सखा, घोडा राजाचं वाहन. पण या सगळ्यांच्या आधी माणसाजवळ येऊन बसलं ते कुत्रं. माणूस अजून शेती करत नव्हता, गाव वसवत नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल म्हणून ठिकाण आहे. तिथं १९१४ साली दगडाच्या खाणीत काम करताना मजुरांना एक जुनं दफन सापडलं. एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्याजवळ एक कुत्रं. सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचं. त्या कुत्र्याचे दात पुढे तज्ज्ञांनी तपासले. ते जेमतेम सात महिन्यांचं पिल्लू होतं आणि मरण्याआधी बरेच आठवडे मोठ्या आजारानं ग्रासलेलं होतं. असं आजारी पिल्लू कुणी पाणी पाजल्याशिवाय, स्वच्छ केल्याशिवाय, उबेला घेतल्याशिवाय तेवढे दिवस जगत नाही.

आता विचार करा हं. आजारी पिल्लू शिकारीला चालत नाही. राखणही करत नाही. त्याचा उपयोग काय? काही नाही. तरीही त्या माणसांनी त्याला सांभाळलं, आणि शेवटी आपल्या माणसांशेजारी निजवलं. लोक म्हणतात, माणसानं कुत्रं पाळलं ते स्वार्थापोटी. स्वार्थ असेलच, नाही कोण म्हणतो? पण त्या पिल्लाची शुश्रूषा कुठल्या स्वार्थापोटी झाली, हे मला कुणी सांगावं.

इस्राएल देशाच्या उत्तरेला आइन मल्लाहा नावाची प्राचीन वस्ती आहे. तिथं सुमारे १२,००० वर्षांपूर्वी पुरलेलं एक वयस्क माणूस सापडलं, आणि त्याचा हात एका पिल्लाच्या अंगावर ठेवलेला होता. आपल्याकडे काश्मिरात, श्रीनगरजवळ बुर्झहोमला, चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे लोक जमिनीत खड्डे करून राहत. त्यांच्या दफनांतही माणसांसोबत कुत्री मिळाली. या लोकांची भाषा आपल्याला ठाऊक नाही, देव ठाऊक नाही. पण एवढं कळतं, की शेवटच्या प्रवासाला जाताना सोबत कोण असावं, असं त्यांना वाटत होतं.

हीच कल्पना आपल्या वेदात आहे बरं का. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात यमाच्या वाटेवर दोन श्वान सांगितलेत. सरमेची लेकरं, म्हणून सारमेय. आणि ते कसे, तर चार डोळ्यांचे! चार डोळ्यांचं कुत्रं कुठं असतं, विचाराल. अहो, काही कुत्र्यांच्या दोन डोळ्यांवर दोन ठिपके असतात, पाहिलेत ना? ते चार डोळे. आणि गंमत बघा, आपले पारशी बांधव, त्यांच्या जुन्या विधीतही हेच चार डोळ्यांचं कुत्रं आहे. माणूस गेला की त्याच्याजवळ कुत्र्याला आणून त्याची दृष्टी पाडायची, या विधीला सगदीद म्हणतात. त्यांच्या वेंदिदाद ग्रंथातला तेरावा अध्याय तर जवळजवळ सगळा कुत्र्यांवर आहे. गुरं राखणारं कुत्रं, घर राखणारं कुत्रं, त्याला वाईट अन्न घातलं तर पाप किती, मारलं तर किती, याचा तिथं हिशेब मांडलेला आहे. इराणात आणि इकडे भाषा वेगळ्या झाल्या, देव वेगळे झाले, पण मृत्यूच्या दारातला हा राखणदार दोघांनीही सोडला नाही.

तिकडे ग्रीस देशात होमर नावाच्या महाकवीच्या नावानं ओडिसी हे काव्य आहे. त्याचा नायक ओडिसियस वीस वर्षांनी घरी येतो, तोही भिकाऱ्याच्या वेषात. कुणी ओळखत नाही. दारात उकिरड्यावर त्याचं म्हातारं कुत्रं पडलेलं असतं, आर्गोस त्याचं नाव. अंगावर गोचीड, उठायची ताकद नाही. पण धन्याचा आवाज ऐकला आणि त्यानं शेपूट हलवलं, कान पाडले. ओडिसियसला जवळही जाता येईना, गेला तर वेष उघडा पडेल. त्यानं तोंड फिरवून हळूच डोळा पुसला. आणि वीस वर्षांनी धनी दिसला, एवढ्या समाधानावर त्या कुत्र्यानं प्राण सोडला. माऊली, वीस वर्षं! आपल्याला कालचा उपकार आज आठवत नाही.

तर असं हे जनावर. लांडग्याच्या कुळातलं. रान सोडून आपल्या शेकोटीजवळ आलं ते कायमचं. आज त्याचं पोट माणसाच्या वस्तीवर आहे. म्हणजे झालं काय, ते आपल्या आश्रयाला आलं. आणि आश्रयाला आलेल्याशी कसं वागायचं, हा प्रश्न आला की धर्म सुरू होतो. आता आपण व्यासांच्या दाराशी जाऊ.

कुरुक्षेत्रावर जनमेजय राजाचं मोठं सत्र चाललेलं आहे. परीक्षिताचा मुलगा जनमेजय, पांडवांचा वंशज. सोबत तीन भाऊ, श्रुतसेन, उग्रसेन आणि भीमसेन. तिथं एक कुत्र्याचं पोर आलं. ते होतं सरमेचं पोर. सरमा म्हणजे देवांची कुत्री. वेदात पणींनी गाई चोरून लपवल्या, तेव्हा इंद्राची दूत होऊन शोध काढणारी ती हीच. पणींनी तिला लालूच दाखवली, आमची बहीण होऊन राहा, गाईंचा वाटा देतो म्हणाले. ती बधली नाही. अशा आईचं ते लेकरू. आलं यज्ञ बघायला. आणि या तीन भावांनी त्याला बदडून काढलं.

ते रडत आईकडे गेलं. आई काय म्हणाली? आपल्या आया म्हणतात तेच. तूच काहीतरी खोडी काढली असशील! पोर म्हणालं, नाही गं, मी हविर्द्रव्याला तोंड लावलं नाही, नुसतं बघितलंसुद्धा नाही. मग मात्र सरमा उठली आणि थेट यज्ञमंडपात गेली. राजाच्या सत्रात एक कुत्री उभी राहून विचारते, माझ्या मुलाचा अपराध सांगा. मंडपातले सगळे गप्प. ऋत्विज गप्प, राजा गप्प, भाऊ गप्प. उत्तर असेल तर देतील ना! तेव्हा ती म्हणाली, निरपराध्याला मारलंत, आता न दिसणारं भय तुमच्यावर येईल.

शाप बघा कसा आहे. साप चावेल, राज्य जाईल, असं काही ती म्हणाली नाही. न दिसणारं भय. अन्याय करून गप्प बसणाऱ्याला नेमकं तेच होतं, नाही का? समोर काही दिसत नाही, पण आत धास्ती बसते. एवढा मोठा राजा, पण जनमेजय कासावीस झाला आणि या पापाची शांती करील असा पुरोहित शोधत हिंडला. व्यासांनी कुरुवंशाची एवढी थोर कथा सांगायला बसताना पहिल्याच पावलावर हा प्रसंग ठेवला. का? तर ज्या घराण्याचा इतिहास ऐकणार आहात, त्यानं शेवटी एका कुत्रीच्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही, हे आधी ऐकून घ्या.

कुणी म्हणेल, कुत्र्यानं न्याय मागायचा आणि राजानं द्यायचा, असं कुठं असतं? असतं. रामराज्यात असतं. रामायणाच्या उत्तरकांडात काही पोथ्यांत ही कथा येते. रामचंद्राच्या दारी डोकं फुटलेलं एक कुत्रं आलं. लक्ष्मणानं आत चल म्हटलं, तर ते संकोचलं, आमच्यासारख्यांनी राजवाड्यात येऊ नये म्हणालं. रामानं बोलावून घेतलं. फिर्याद ऐकली. सर्वार्थसिद्ध नावाच्या ब्राह्मणानं मारलं होतं. त्यालाही बोलावलं. तो खरं बोलला हो! म्हणाला, भिक्षा मिळाली नव्हती, भूक लागली होती, हे वाटेत होतं, सरक म्हटलं तर सावकाश सरकलं, राग आला, मारलं.

शिक्षा काय द्यायची? कुत्रंच म्हणालं, याला कालंजर मठाचा कुलपती करा. सभा चकित झाली. ही शिक्षा की बक्षीस? त्याला हत्तीवर बसवून, वाजतगाजत पाठवलंसुद्धा. मग कुत्र्यानं उलगडा केला. गेल्या जन्मी मीच तिथं कुलपती होतो. नीट वागलो, तरी या योनीत आलो. हा तर रागीट. याचं काय होईल, तुम्हीच बघा! मायबाप, अधिकाराची गादी मिळाली म्हणून हुरळणाऱ्यांनी ही कथा गाठीला बांधून ठेवावी. बुवांनीसुद्धा. आमच्या गळ्यात हार पडतात ना, तेव्हा हे कुत्रं आठवावं.

आता महाभारताच्या दुसऱ्या टोकाला चला. यादव गेले, कृष्ण निजधामाला गेले. पांडवांनी राज्य परीक्षिताला दिलं, वल्कलं नेसली आणि निघाले. पाच भाऊ, सहावी द्रौपदी आणि सातवं एक कुत्रं. नगरातले लोक थोडं अंतर पोचवायला आले आणि परतले. लोक पोचवायला येतातच, आणि परततातही. ते कुत्रं परतलं नाही. आणि वाट केवढी! आधी पूर्वेला समुद्रापर्यंत, मग दक्षिण, मग पश्चिमेला बुडालेल्या द्वारकेपर्यंत, मग उत्तरेला हिमालय. सगळ्या भूमीची प्रदक्षिणा. पायी. तुम्ही आळंदी ते पंढरी चालता ना, तुम्हाला कळेल सोबत म्हणजे काय.

हिमालय ओलांडला, वाळूचा समुद्र आला, मेरू दिसला आणि एकेक जण पडू लागलं. आधी द्रौपदी, मग सहदेव, नकुल, अर्जुन, शेवटी भीम. धर्मराज चालत राहिले. मागे कुत्रं. तेव्हा इंद्र रथ घेऊन आला. चल, सदेह स्वर्गात. धर्मराज म्हणाले, हे कुत्रं माझ्याबरोबर आलंय, याला घेऊन येतो. इंद्र म्हणाला, कुत्र्याला स्वर्गात जागा नाही. सोडून दे त्याला, यात निर्दयपणा नाही. आणि मग इंद्रानं असा मुद्दा काढला की भल्याभल्यांची बोलती बंद व्हावी. भाऊ सोडलेस, बायको सोडलीस, आणि कुत्रं सुटत नाही?

धर्मराजांचं उत्तर ऐका. ते म्हणाले, ते गेले होते. मेलेल्याशी ना सख्य उरतं ना वैर, त्यांना उठवणं माझ्या हाती नव्हतं. जिवंतपणी मी त्यांना सोडलं नाही. हे जिवंत आहे. माझ्या भरवशावर आलंय. शरण आलेल्याला भय दाखवणं, स्त्रीला मारणं, ब्राह्मणाचं धन लुटणं, मित्राचा द्रोह करणं, या चार पापांच्या तोडीचं पाप म्हणजे भक्ताला टाकणं. माझ्या सुखासाठी ते मी करणार नाही.

भक्त कुणाला म्हणाले? कुत्र्याला! माऊली, आपण भक्त म्हणजे टाळ, वीणा, गोपीचंदन एवढंच समजतो. धर्मराजांची व्याख्या सोपी आहे. जो सोडून जात नाही तो भक्त. आणि या वृत्तीला त्यांनी शब्द वापरलाय आनृशंस्य. म्हणजे क्रूर न होणं. फार मोठं काही करा, असा त्याचा अर्थ नाही. आपल्या हातून कुणावर निष्ठुरपणा होऊ नये, एवढं जपायचं. वनवासात यक्षानं प्रश्न विचारले, तेव्हाही त्यांनी हाच परमधर्म सांगितला होता आणि सख्खे भाऊ सोडून माद्रीचा नकुल मागून घेतला होता. तेव्हाचा यक्ष आणि आत्ताचं कुत्रं, दोन्ही एकच. प्रत्यक्ष धर्मदेव. दोनदा परीक्षा घेतली, दोन्ही वेळा उत्तर तेच आलं.

पण एक ध्यानात ठेवा. धर्मराजांना ठाऊक नव्हतं तो धर्मदेव आहे म्हणून. ठाऊक असतं तर परीक्षा कसली? त्यांनी कुत्र्याला कुत्रं म्हणूनच धरून ठेवलं.

आता शंका येईल. बुवा, शास्त्रात कुत्रं अशुद्ध म्हटलंय ना? म्हटलंय. इंद्राचाही आक्षेप तोच होता. पण त्याच शास्त्रात गृहस्थाला वैश्वदेव सांगितलाय, आणि त्यात कुत्र्याचा वाटा काढायला सांगितलाय. कसा? तर फेकायचा नाही, हळूच जमिनीवर ठेवायचा. गीतेच्या पाचव्या अध्यायात भगवंत ज्ञानी माणसाची खूण सांगतात. विद्वान, गाय, हत्ती, कुत्रं, अगदी समाजानं खालचा ठरवलेला माणूस, या सगळ्यांत ज्याला एकच दिसतं तो ज्ञानी. आपल्या दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्री आहेत, जाणते त्यांना चार वेद म्हणतात. जेजुरीच्या खंडेरायाजवळ कुत्रं आहे. आणि आपले नामदेवराय? कुत्र्यानं पोळी पळवली, तर काठी घेऊन धावतील ना? ते तुपाची वाटी घेऊन मागे धावले. कोरडी खाऊ नका देवा, घशात अडकेल! पोळी गेली याचं दुःख नाही, ती कोरडी गेली याचं.

माऊली, शेवटी आपल्या वारीकडे येऊ. वारीत गावागावांतून एखादं कुत्रं दिंडीमागं लागतं. आपण कौतुक करतो. बिस्कीट घालतो, तुळशीमागं चालतंय म्हणून हात जोडतो, फोटो काढतो. पालखीसोबत दहा-बारा मुक्काम ते चालतं. वाखरी येते, पंढरी येते, कळसाचं दर्शन होतं. आणि मग आपण परतीच्या एसटीत बसतो.

कुत्रं कुठंय?

त्याला एसटीत घेत नाहीत. इंद्राच्या रथात तरी कुठं घेत होते! धर्मराज त्या पायरीवर थांबले. आपण खिडकीची जागा धरतो. त्याचं गाव शेदीडशे मैलांवर राहिलं. कुत्र्याला हद्द असते. दुसऱ्याच्या हद्दीत गेलं की तिथली कुत्री त्याला फाडतात, नाहीतर रस्त्यावर गाडीखाली जातं. आपण त्याला वारकरी म्हणालो, आणि वारी संपली की टाकून आलो. याला धर्मराजांनी कुठल्या रांगेत बसवलंय, आत्ताच ऐकलंत.

म्हणून दोनच गोष्टी सांगतो. घरी न्यायची तयारी नसेल तर त्याला गावच्या शिवेबाहेर बिस्किटाच्या आशेनं ओढू नका. त्याच्या गावातच पाणी ठेवा, तुकडा ठेवा आणि पुढे चला. आणि आलंच दहा मुक्काम तुमच्या मागं, तर दिंडीचा ट्रक परत जातो ना रिकाम्या भांड्यांसह? त्यात त्याला घ्या. ज्या गावचं त्या गावी उतरवा. दिंडीप्रमुखांनी हे आधीच बोलून ठेवावं, म्हणजे शेवटच्या दिवशी पळापळ होत नाही.

आणि दया म्हणजे आंधळेपणा नव्हे. चावलं तर अंगारा, चुना, तिखट लावत बसू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा. सांगितलेले सगळे डोस घ्या. पिसाळीचा रोग एकदा अंगात उमटला की जवळजवळ कुणी वाचत नाही. घरचं कुत्रं असेल तर त्याला दरवर्षी लस द्या. सांभाळणं म्हणजे हेही आलं.

महाभारताच्या एका टोकाला कुत्र्याला विनाकारण मारणारे राजपुत्र आहेत, त्यांच्या वाट्याला न दिसणारं भय आलं. दुसऱ्या टोकाला कुत्र्यासाठी स्वर्गाच्या रथाची पायरी न चढणारा त्यांचाच पूर्वज आहे, त्याला समोर धर्म दिसला. आपण कुठल्या टोकाला आहोत, हे पंढरपूरच्या एसटी स्टँडवर कळतं.

बोला, पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!